दारूबंदीच्या गावातला बार

जर्मनीतल्या माझ्या घरच्या बार कॅबिनेटचा फोटो फॅमिली ग्रुपवर गेला तेव्हा दारूवरून बोलणी बसतील अशी मी तयारी ठेवली होती. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मावशीचा फोन आला आणि ती एवढंच म्हणाली, "अगं, हा तर आमचा रेडिओग्राम!"

बरोबर ओळखलं तिनं. माझा बार जुन्या जर्मन रेडिओग्रामचाच केलेला. १९५०-६० च्या दशकांत जर्मनीत मूझिकट्रूहे नावाचं लाकडी पेटाऱ्यासारखं कपाट दिवाणखान्यात मिरवायचं. आत रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर आणि रेकॉर्डचे कप्पे. पुष्कळांमध्ये एका कोपऱ्यात आरसे लावलेला छोटा बार कारखान्यातूनच यायचा. आज त्यांना गिऱ्हाईक नाही. आजी-आजोबांचं घर रिकामं करताना नातवंडं ऑनलाइन जाहिरात टाकतात: फुकट, फक्त येऊन घेऊन जा. अरुंद जिन्यावरून ते धूड खाली आणताना फुकट का, ते समजतं.

पण बाटल्यांसाठी याहून सोयीचं जुनं फर्निचर मी पाहिलेलं नाही. रेकॉर्डचं वेष्टन साधारण ३१ सेंटिमीटरचं, कप्पा त्याहून थोडा उंच, आणि युरोपात चालणारी ७०० मिलीची बाटली बहुधा तेवढ्यात उभी बसते. बाटल्या उभ्याच ठेवायच्या, कारण कडक दारू बुचाला सतत लागली की बूच खराब होतं. बुचाची वाइन मात्र आडवी. भरलेली बाटली सव्वा किलोच्या घरात जाते, म्हणजे डझनाचे पंधरा किलो. पातळ फळी मधोमध झोल खाते, म्हणून खालून आडवी पट्टी मारली. व्हॉल्व्हचा रेडिओ काढायला माणूस बोलावला. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज राहू शकते, तिथं हौस नको.

खरी गोम पॉलिशची. आपल्याकडचं जुनं पॉलिश लाखेचं, म्हणजे चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं. त्यावर व्हिस्की सांडली की ते पुन्हा विरघळायला लागतं! बारसाठी घेतलेल्या जुन्या कपाटाच्या मागच्या बाजूला स्पिरिटचा बोळा घासून बघावा. चिकट झालं तर लाख. माझ्या पेटाऱ्यावर चिकट न होणारं लॅकर निघालं, तरी ग्लास भरायच्या जागी मी काच टाकली.

डिसेंबरात बडोद्याला गेले तर मावशीनं रेडिओग्राम आधीच रिकामा करून ठेवलेला. रेकॉर्डच्या कप्प्यात कित्येक वर्षं लग्नपत्रिका आणि विजेची बिलं नांदत होती. "माझाही बार कर." गुजरातेत राज्य झालं तेव्हापासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी. तेव्हा मावशीच्या बारमध्ये कोकमाचं आगळ, वाळा, बडीशेपेचं सरबत आणि उन्हाळ्यात पन्ह्याचा गर.

मिस्त्रीनं एकदा पाहिलं आणि निकाल दिला, "बेन, उपर सनमायका लगावी दईए, पच्चास वरस चालशे." काका खुर्चीतून उठलेच. सनमायका नाही, आणि पॉलिशपेपरचं मशीनही नाही. वरचा सागवानी पापुद्रा एक मिलिमीटरही नसतो, मशीन फिरलं की खालचं प्लाय उघडं. "हाथे करीश," म्हणत मिस्त्री बसला.

मग मात्र बघत राहावं असं काम. जुना थर स्पिरिट आणि बारीक स्टील वूलनं उतरवला. मग सुती कापडात कापूस गुंडाळून बोळा केला, आत पॉलिश मुरवलं, बोळा अडकू नये म्हणून तेलाचं बोट लावलं, आणि गोल, मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत राहिला. हात मध्येच थांबवला तर डाग पडतो, म्हणून चहा आला तरी त्यानं वर पाहिलं नाही. बडोद्याजवळच्या संखेडा गावाचं फर्निचर चमकतं तेही लाखेनंच. आम्ही ते सोफ्यापुरतं ओळखतो, एवढंच.

सरबतानं लाख विरघळत नाही, पण ओल्या पेल्याचं पांढरं कडं उमटतं आणि मुंग्या येतात. मावशीनं रेडिओग्रामच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या मांडल्या. मिस्त्रीनं त्या उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवल्या. पाणी लाकडात चढलं की पापुद्रा सुटतो, त्याची मेहनत तिथेच बुडायची. अखेर काठाचं स्टीलचं ताट ठेवून तह झाला. बाटल्या ताटात, आणि पुसायचं फडकं काकांच्या ताब्यात.

आता कुणी आलं की काका झाकण उघडून दाखवतात. शेजारच्या पटेलांनी दारूचं परमिट आहे का म्हणून विचारलं. "आहे ना," काका म्हणाले, "डॉक्टरांनीच लिहून दिलंय. साखर अर्धी."