सॅनिटीचे घरचे नियम: या खेपेला फक्त फासे

पाया अजून ‘कॉल ऑफ कथुलू’ या टेबलावर बसून पात्रं रंगवायच्या भयखेळाच्या सातव्या आवृत्तीचाच. सुरुवातीची सॅनिटी, म्हणजे पात्राच्या मानसिक तोलाचे गुण, त्याच्या पॉवर या गुणाइतकी. शंभराचा फासा सॅनिटीच्या आत पडला तर छोटा तोटा, बाहेर गेला तर मोठा. एका धक्क्यात ५ किंवा जास्त गुण गेले की बुद्धीची चाचणी, आणि ती जमली तर तात्पुरतं वेड. (हो, जमली तर. समोर काय आहे ते पात्राला कळलं, म्हणून.)

नवा प्राणी लिहिताना बहुतेक जण सरासरी तोटा बघून फासा ठरवतात. सरासरीतून फार काही कळत नाही. १/१डी६ घ्या (चाचणी जमली तर तोटा १, हुकली तर एका सहा बाजूंच्या फाशावर पडेल तेवढा): सॅनिटी ७० असताना सरासरी तोटा १.७५, ३० असताना २.७५. हा फरक टेबलावर जाणवणारही नाही. पण ५ किंवा जास्त जाण्याची शक्यता १० टक्क्यांवरून २३ वर जाते. खेळाडू घाबरतो तो या दुसऱ्या आकड्याला.

म्हणून फासा निवडताना आता एवढंच बघायचं: चाचणी हुकल्यावर पाच किंवा जास्त जायची शक्यता किती? १डी४ ला शून्य. कितीही भीषण वर्णन करा, वेड लागणारच नाही. १डी६ ला ३३ टक्के, १डी६+१ ला थेट ५०, म्हणजे १डी८ इतकीच. १डी१० ला ६०. तो ‘+१’ सहज लिहिला जातो आणि महागात पडतो. खुद्द कथुलूला, म्हणजे खेळाला ज्याचं नाव आहे त्या राक्षसी देवाला, १डी१०/१डी१०० आहे. तिथे हिशोबाची गरजच नाही.

एका बैठकीच्या कथेसाठी, सॅनिटी ५० धरून: ०/१डी३ चे तीन धक्के, १/१डी४ चे दोन, शेवटी १/१डी१० चा एक. सरासरी बेरीज ९.७५. एका दिवसात एक पंचमांश, म्हणजे १० गुण, गेले की दीर्घ वेड. त्यामुळे शेवटच्या दारापाशी गट बरोबर त्या काठावर असतो. मधे एक जरी १/१डी६ घुसवला तरी बेरीज १२ होते आणि निम्मी मंडळी कळसाआधीच कामातून जाऊ शकतात.

‘डेल्टा ग्रीन’ या अशाच दुसऱ्या खेळामधले बंध आणले आहेत: जवळच्या माणसाशी असलेल्या नात्यातून १डी४ गुण कापायचे, तेवढाच तोटा कमी. तिथला इच्छाशक्तीचा खर्च आपल्याकडे नाही, आणि गडबड इथेच होते. १डी६ च्या तोट्यातून १डी४ वजा केला की वेडाच्या चाचणीची शक्यता ३३ वरून ४ टक्क्यांवर येते. नियम जवळजवळ मेलाच. उपाय: गुण कमी कापायचे, पण पाचाचा निकष मूळ फाशावरच लावायचा. शिवाय एक नातं एका बैठकीत एकदाच, आणि तोट्याचा फासा टाकण्याआधी सांगायचं.

वेडाच्या तक्त्यातून आजारांची नावं काढली. पळणं, थिजणं, कुणाला किंवा कशाला तरी घट्ट धरून बसणं, या तिनांतून खेळाडूच निवडतो. मूळ १डी१० फेऱ्यांची मुदत थिजलेल्या पात्राला फार लांब होते, खेळाडू मोबाइल काढतो. तिथे १डी३ पुरते.

सरावाचा (तोच प्राणी पुन्हा पुन्हा पाहण्याचा) नियम तसाच ठेवला आहे: घूलला, म्हणजे प्रेतं खाणाऱ्या प्राण्याला, ०/१डी६, म्हणून घूल पाहून एकूण ६ पेक्षा जास्त जात नाहीत. पात्राच्या कागदावर त्यासाठी जागा करायची राहिली आहे.