साडेचारशेची गोळी

पावसाच्या तोंडावर आमच्या ग्रामीण रुग्णालयात विंचवाचे पेशंट वाढतात. लोक लाकूडफाटा, शेणी पडवीत आणून रचतात, जांभ्याचे चिरे हलवतात आणि खालून विंचू निघतो. मेअखेरीस चार वर्षांच्या एका पोराला आजीने उचलून आणलं. घामाने निथळत होता, हातपाय गार, वाटेत उलट्या झालेल्या. डॉक्टरांनी आधी वजन करायला सांगितलं. १५ किलो. चिठ्ठीवर आलं : प्राझोसिन ४५० मायक्रोग्रॅम.

औषधाच्या खिडकीत माझ्यासोबत एक ट्रेनी होती, डी.फार्म.चं, म्हणजे फार्मसीच्या डिप्लोमाचं, ५०० तासांचं प्रशिक्षण पुरं करायला आलेली. कपाटातून तिने दोन पाकिटं काढली, एक साध्या १ मिलिग्रॅमचं आणि एक २.५ मिलिग्रॅम एक्सएलचं. एक्सएल तिनेच परत ठेवलं. हळूहळू सुटणारी गोळी फोडून देत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक. मग मात्र ती अडली.

"मॅडम, साडेचारशेची गोळी आपल्याकडे नाहीच."

"एका मिलिग्रॅममध्ये मायक्रोग्रॅम किती?"

"शंभर... नाही नाही, हजार."

सावरली लगेच. पण ते 'शंभर' तसंच पुढे गेलं असतं तर ४५० मायक्रोग्रॅमचे साडेचार मिलिग्रॅम झाले असते. रक्तदाब खाली आणणारं औषध, चार वर्षांच्या पोराला, दसपट. मी कागद पुढे सरकवला आणि तिच्याकडूनच मांडणी करून घेतली. १ मिलिग्रॅमची गोळी कुटून १० मिली पाण्यात घातली, तर त्यातलं साडेचार मिली द्यायचं. भुकटी तळाला बसते म्हणून ढवळत ढवळतच सिरिंजमध्ये ओढायचं. डॉक्टरांनी आकडा तपासला, औषध दिलं आणि आजीला बजावलं, "ह्याला आडवाच ठेवा, उठून बसवू नका." तीन तासांनी पुन्हा तेवढंच. संध्याकाळपर्यंत पोराचे तळवे गरम झाले.

विंचवावरचं हे औषध कोकणातच सिद्ध झालं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याचे अनुभव १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडले. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक ट्रेनीला मी हे सांगतेच.

गर्दी ओसरल्यावर तिने विषय काढला. भाऊ दहावी पास झालाय, अकरावीचा फॉर्म भरायचाय, फार्मसी करायचीय. वाडीतले सगळे सांगतात, गणित सोड, बायो घे. तिनेही तेच केलं होतं. "चालतं ना मॅडम?"

चालतं. फिजिक्स आणि केमिस्ट्री सुटत नाहीत, तिसरा विषय गणित किंवा जीवशास्त्र. बी.फार्म.साठी, म्हणजे फार्मसीच्या पदवीसाठी, सीईटीचा गणितवाला पीसीएम आणि बायोवाला पीसीबी, दोन्ही गट धरतात. गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, बायोचे १०० प्रश्न एकेका गुणाचे, बेरीज तीच. डी.फार्म.ला तर सीईटीही लागत नाही.

पण प्रवेशापुरतंच हे. जो विषय सोडला, तो बी.फार्म.च्या पहिल्याच सेमिस्टरला दारात उभा असतो. बायोवाल्यांना रेमेडियल मॅथेमॅटिक्स, गणितवाल्यांना रेमेडियल बायोलॉजी. गणितात तर लॉगॅरिदमपासून लाप्लास ट्रान्सफॉर्मपर्यंत सगळं एका सेमिस्टरमध्ये, तेही शरीररचना आणि इनऑरगॅनिक केमिस्ट्री चालू असताना.

आणि हाच पेशंट बघ, मी तिला म्हटलं. विषामुळे अंगात अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो. प्राझोसिन त्या वाहिन्या सैल करतं. हे बायो. किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, हे गणित. दोन-तीन तासांत औषध निम्मं उरतं म्हणून पुन्हा डोस, हेही गणितच. एक्सएल गोळी का चालत नाही, ते केमिस्ट्री.

माझं मत विचारलं तर दोन्ही घ्यावेत. इंग्रजी आणि एखादी भाषा किंवा आयटी धरून ही जुळणी बसते. अगदीच झेपत नसेल तर गणित ठेवावं. हे सगळ्यांना पटत नाही, माझ्या नवऱ्यालाही नाही. तो म्हणतो, फार्मसीत बायोशिवाय काय आहे? पण रक्ताभिसरण मोठेपणी वाचूनही कळतं. दशांश चिन्ह कुठे द्यायचं, याला हात बसावा लागतो आणि तो सोळा-सतराव्या वर्षी बसतो तसा नंतर बसत नाही.

भावाने शेवटी दोन्ही विषय घेतले. सीईटी मात्र पीसीबीचीच देणार म्हणतो. देऊ दे.