गणपतीच्या शेजारचा माणूस

काल पंचवटीत मामांकडे गेलो तर त्यांनी नोटांचा अल्बम काढला, त्यात इंडोनेशियाची १९९८ ची वीस हजार रुपियाची नोट, तीच हो, गणपतीवाली, व्हॉट्सॲपवर फिरते ती. सगळे गणपतीच बघतात, शेजारचा माणूस कोण ते कुणी विचारत नाही! ते की हजर देवंतारा, १९४५ चे पहिले शिक्षणमंत्री, पण मंत्रिपद तीन महिनेही नाही टिकलं.

खरी मजा आधीची. १९१३ ला डच लोक फ्रेंचांपासून सुटल्याची शंभरी साजरी करणार आणि वर्गणी मागणार कुणाकडे, तर ज्यांना स्वतः गुलाम केलंय त्यांच्याकडेच, म्हणजे कमालच ना, मग ह्यांनी 'मी डच असतो तर' असा झणझणीत लेख लिहिला आणि झाली हद्दपारी, तीही थेट हॉलंडला. परत येऊन १९२२ ला योग्यकर्तात तामन सिस्वा शाळा काढली. २ मे, त्यांचा वाढदिवस, तिथे शिक्षण दिन असतो.

मामा म्हणाले, "अरे, नोट उलटी कर की." मागे वर्गात बसलेली पोरं.