डाव्या ब्रेकमधला बारीक बॉल

गळीत हंगाम तोंडावर आला, की आमच्या गॅरेजवर ब्रेकची कामं रांगेनं येतात. नांगरटीला, रोटरला ब्रेक ढिला असला तरी शेतकरी दिवस ढकलतो. मागं उसानं भरलेली ट्रॉली लागली आणि पुढं पन्हाळ्याकडचा उतार आला, की मग ढकलाढकली चालत नाही. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक बहुतेक वेळा नसतोच. तेवढं सगळं वजन थांबवायचं काम ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर येतं.

तात्यांचा जुना ट्रॅक्टर, बी-२७५, असाच आला. ते म्हणाले, "मेस्त्री, गणपतीच्या आधीच दुसरीकडं नवीन लायनर घातलेत. तरी दोन्ही पेडल दाबली की गाडी उजवीकडं ओढते. डावा धरतच न्हाई. आणि एखाद्या वेळी धरला, तर सोडत न्हाई."

मला खटकलं ते शेवटचं वाक्य. लायनरवर, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या थरावर, नुसतं तेल आलं असतं, तर ब्रेक घसरला असता, एवढंच. पेडल सोडल्यावरही चाक अडून राहतं म्हणजे दुखणं आतल्या यंत्रणेत आहे.

ज्यांनी ही गाडी उघडलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बी-२७५ मूळची इंग्लंडातल्या डॉनकास्टरची, इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीची. १९६३ साली महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इकडं कंपनी काढली आणि हे मॉडेल आपल्या रानात रुळलं. मागच्या डाव्या-उजव्या चाकाला वेगळा ब्रेक आणि वेगळं पेडल. तिचे ब्रेक ड्रमचे नाहीत, कोरड्या डिस्कचे आहेत. चाकाला फिरवणाऱ्या पिनियन शाफ्टच्या आट्यांवर, म्हणजे लांब खाचांवर, दोन लायनर डिस्क बसतात, त्या शाफ्टबरोबर फिरतात. दोन्हींच्या मधे ॲक्च्युएटर: बिडाच्या दोन प्लेटा, त्यांच्यात उतरते खळगे, खळग्यांत पोलादी बॉल, आणि दोन्ही प्लेटा एकमेकींना धरून ठेवायला स्प्रिंगा. पेडल दाबलं की रॉड ओढला जातो, प्लेटा उलटसुलट दिशेला थोड्या फिरतात, बॉल खळग्याच्या चढावर चढतात आणि प्लेटा फाकतात. फाकल्या की आतली डिस्क हाउसिंगवर आणि बाहेरची कव्हरवर दाबली जाते. यातली हुशारी पुढं आहे. फिरती डिस्क एका प्लेटेला आपल्याबरोबर ओढते, दुसरी हाउसिंगच्या ठोकळ्याला अडते, आणि त्या ओढीनंच बॉल आणखी वर चढतात. पायाच्या थोड्या जोरावर एवढी गाडी थांबते ती यामुळं. पण म्हणूनच आत काही वाकडं बसलं, तर ते वाकडेपणही तेवढ्याच जोरानं वाढतं.

पुढच्या चाकांना उटी लावली, जॅकवर मागचं उचललं, खाली लाकडी ठोकळे दिले आणि डावं चाक उतरवलं. कव्हर काढताच गियर ऑइलचा वास आला. माझ्या हाताखालचं पोरगं कॉम्प्रेसरची नळी घेऊन धूळ उडवायला धावलं, त्याला तिथंच थांबवलं. जुन्या लायनरांमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. कुठल्या गाडीत आधीची किती धूळ साचलीय हे डोळ्यांना दिसत नाही. ती हवेनं उडवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसून काढायची. हे मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो आणि सांगत राहणार.

बाहेरची डिस्क हातात घेतली, तर लायनर एका बाजूला जाड आणि समोरच्या बाजूला झिजून पातळ. नवी डिस्क इतक्या लवकर अशी तिरपी झिजत नाही. ॲक्च्युएटर टेबलावर ठेवून प्लेटा हातानं फिरवल्या. फाकताना वरची प्लेट एका अंगानं आधी उचलली जात होती. स्प्रिंगा सोडवल्या, बॉल ताटलीत काढले आणि एकेक व्हर्नियरमध्ये, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीत, धरला. सगळे सारखे, एक मात्र अर्ध्या मिलिमीटरनं बारीक. रंगानंही वेगळा, चकचकीत. कुठल्या तरी बेअरिंगचा असणार. आधीच्या जोडणीत एक बॉल घरंगळून हरवला आणि हाताला लागला तो घातला, असं दिसत होतं.

अर्धा मिलिमीटर म्हटलं तर काहीच नाही. पण एका पायानं आखूड असलेल्या पाटावर जसं एका अंगाला कलूनच बसावं लागतं, तशी ती प्लेट बसली होती. त्या बॉलवर भार येतच नव्हता, शेजारच्या बॉलांवर दुप्पट येत होता, आणि त्यांच्या खळग्यांत खड्डे पडले होते. बॉल चढताना त्या खड्ड्यांत अडकले, की परत खाली यायला स्प्रिंगांचा जोर पुरत नव्हता. ब्रेक धरत नाही आणि सोडत नाही, ही दोन्ही दुखणी एकाच बॉलची.

तात्या शेजारी उकिडवे बसून बघत होते. त्यांच्या तळहातावर दोन्ही बॉल ठेवले. ते बराच वेळ बोटानं फिरवत राहिले. मग म्हणाले, "एवढ्याशानं? पोरगा बसतो हो माझा या गाडीवर."

खड्डे पडलेल्या प्लेटा घासून वापरायच्या नसतात. खळग्याचा चढ बदलला की ब्रेकची चाल बदलते. कोल्हापुराहून नवा ॲक्च्युएटर, डिस्कची जोडी आणि पिनियन शाफ्टचं, तेल अडवणारं ऑइल सील मागवलं. तेल भिजलेलं लायनर काहीजण ब्लोअरनं भाजतात आणि परत बसवतात. मला ते अजिबात मान्य नाही. आत मुरलेलं तेल ब्रेक तापला की पुन्हा वर येतं, आणि ब्रेक तापतो तो नेमका उतारावर.

सील का गेलं तेही बघितलं. मागच्या हाउसिंगचा ब्रीदर, म्हणजे हवा जायची वाट, मातीनं बुजला होता. गरम झाल्यावर आतल्या हवेला वाट नाही, मग ती तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. ब्रीदर डिझेलमध्ये धुतला, हाउसिंगचं तेल खुणेपर्यंत आणलं.

जोडणी सावकाश केली. सीलच्या ओठाला तेलाचं बोट, शाफ्टच्या आट्या स्वच्छ, ठोकळ्यांवरचे ओरखडे कानशीनं साफ. खळग्यांत हाय-टेम्परेचर ग्रीस, तेही नुसतं पुसट. जास्तीचं ग्रीस वितळून लायनरवरच जातं. आतली डिस्क, ॲक्च्युएटर, बाहेरची डिस्क, कव्हर. मग उजवी बाजूही उघडली. तात्यांना वाटलं, चांगलं चाललेलं कशाला खोलायचं? पण एका बाजूला नवं लायनर आणि दुसऱ्या बाजूला झिजलेलं ठेवलं, तर गाडी आता उलट डावीकडं ओढेल. तिथंही डिस्क नवीन घातल्या. उजव्या ॲक्च्युएटरचे बॉल मापले, सगळे एकसारखे निघाले.

रॉडचे नट घट्ट करत चाक जड लागेपर्यंत आणले, मग मोकळं फिरेपर्यंत मागं घेतले, आणि दोन्ही पेडलांची मोकळी चाल सारखी केली. गावाबाहेरच्या मुरमाच्या रस्त्यावर रिकामा ट्रॅक्टर तिसऱ्या गियरात नेऊन दाबला. मागं दोन ओरखडे पडले, शेजारी शेजारी, सरळ. टेपनं मापले. लांबी सारखी.

एक काम राहिलं होतं. दोन्ही पेडल जोडणारं लॉक तारेनं वर बांधून ठेवलेलं. शेतात वळताना एकेक ब्रेक वापरायला ते काढतात आणि रस्त्यावर आल्यावर लावायचं विसरतात. नवी पिन घालून लॉक चालू केलं आणि तात्यांच्या पोराला बोलावून त्याच्याकडून ते चार वेळा लावून-काढून घेतलं.

तात्या पैसे मोजताना थांबले. "मेस्त्री, ट्रॉलीला बी ब्रेक बसवता येईल का हो?"

"येईल की. उद्या रिकामी ट्रॉली घेऊन या, ॲक्सल बघून खर्च सांगतो."