दोन पोळ्या जास्त सांग

आमच्या सोसायटीतल्या अर्ध्या घरांत संध्याकाळच्या पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून येतात, माणशी मोजून. त्यामुळे शिळं काही उरत नाही. मग कुणाला तरी फोडणीच्या पोळीची आठवण येते. पोळी कुस्करून, त्यात कांदा, मिरची, हळद, शेंगदाणे आणि ताकाचा हबका. लगेच फर्मान सुटतं, "उद्या नाश्त्याला करू, आज दोन पोळ्या जास्त सांग." शिळी करण्यासाठी ताजी पोळी विकत आणणारी आपली पहिलीच पिढी असावी.

काटकसर म्हटली की हात आखडता घेणं डोळ्यांसमोर येतं. स्वयंपाकघरातली काटकसर मात्र उरलंसुरलं असल्याशिवाय जमतच नाही, आणि उरतं ते सगळं घरी केलं तर.

दोडक्याच्या शिरा घ्या. शिरा जाडसर काढायच्या, बारीक चिरायच्या आणि थेंबभर तेलावर मंद आचेवर परतत बसायचं. मग तीळ, सुकं खोबरं, लसूण, तिखट. सगळी मेख परतण्यात आहे. शिरा पुरत्या कुरकुरीत झाल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी चटणी मऊ पडते. (दोडक्याची भाजी मला स्वतःला मुळीच आवडत नाही. चटणीसाठी मी ती चालवून घेते.) आता कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी दोडका सोलून, चिरून पिशवीत भरून ठेवतात. विचारलं, "मावशी, शिरा कुठं गेल्या?" म्हणाल्या, "गाईला घातल्या. कोण मागतंय?" गाय चैनीत आहे.

तुपाचं तर विचारूच नका. साय साठवायची, विरजण लावायचं, घुसळून लोणी काढायचं. ताक उरलं की कढी. लोणी कढवलं की तूप, आणि पातेल्याच्या तळाशी बेरी. त्या तांबूस बेरीत साखर कालवून भावंडांत वाटण्या व्हायच्या, आणि वाटणी कधीच सारखी व्हायची नाही. तुपाचं पातेलंही तसंच घासायला टाकत नसत. त्यातच कणीक मळायची, म्हणजे काठाला राहिलेलं तूप पोळ्यांना लागतं. विकतच्या तुपाच्या बरणीत यातलं काहीच येत नाही. स्वच्छ, पिवळं, रवाळ तूप तेवढं येतं.

पण गळा काढायचा नाही. 1972 च्या दुष्काळात मिलोच्या लाल ज्वारीच्या भाकऱ्या खाल्लेल्या घरांत यातल्या कशाचंच कौतुक नव्हतं. टाकायचं नाही, कारण टाकण्याजोगं काही नव्हतंच. शिवाय साय घुसळण्यात आणि शिरा परतण्यात जो वेळ जातो, तो बहुतेक घरांत एकाच बाईचा. ऑफिसातून दमून आलेल्या सुनेला "शिरा टाकू नकोस गं" असं सांगणाऱ्यांनी एकदा कढईपाशी उभं राहून बघावं.

तरी एका बाबतीत मी ऐकत नाही, ती म्हणजे कटाची आमटी. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ भरपूर पाण्यात शिजवून चाळणीत उपसली की खाली उरतं ते पाणी म्हणजे कट. कोल्हापूर-सोलापूरकडे त्यालाच येळवणी म्हणतात. भाजून वाटलेलं सुकं खोबरं आणि जिरं, गोडा मसाला, चिंच-गूळ, चमचाभर पुरण, वरून कढीपत्त्याची फोडणी. डाळीचा एक दाणाही वेगळा लागत नाही. कुकरमध्ये मात्र डाळ बेताच्या पाण्यात शिजते आणि कट जेमतेम निघतो. मग पुष्कळ जणी शिजलेली वाटीभर डाळ बाजूला काढून ती पाण्यात घोटतात आणि तिलाच कट म्हणतात. फुकटच्या आमटीला असा खर्च!

म्हणून होळीला मी डाळ उघड्या पातेल्यातच शिजवते, 1 वाटीला 5 वाट्या पाणी घालून. तासभर तरी लागतो. "एवढा गॅस जाळून कसली काटकसर?" नवरा दरवर्षी विचारतो. त्याचा हिशेब बरोबर आहे. पण भुरका मारत तिसरी वाटी पुढं करणाऱ्या माणसाकडे मी गॅसचे पैसे मागत नाही.