अपहार सिद्ध झाला, वसुली अजून सुरू आहे

आमचं गाव वर्धा नदीच्या काठचं. चौदाव्या वित्त आयोगाच्या निधीतून शाळेमागं सिमेंटची नाली बांधली, असं ग्रामपंचायतीच्या कागदावर होतं. माहिती अधिकारात 10 रुपयांचं तिकीट लावून व्हाउचर, कॅशबुक आणि मोजमाप पुस्तिका मागितली. 30 दिवस उलटले तरी उत्तर नाही. पहिलं अपील केलं, तेव्हा प्रती मिळाल्या. पुस्तिकेत लांबी, खोली, तारीख, सह्या सगळं होतं. आम्ही गावातले चौघं टेप घेऊन शाळेमागं गेलो. तिथं मोजायला चिखलाशिवाय काही नव्हतं.

पंचायत समितीची चौकशी झाली. रक्कम तत्कालीन सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांवर निश्चित झाली. गावाला वाटलं, झालं काम. पण अपहार सिद्ध होणं वेगळं आणि पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यात वापस येणं वेगळं. हे कोणी सांगत नाही, म्हणून लिहितो आहे.

ग्रामसेवकाचा हिस्सा पगारातून कापला जाऊ लागला. सरपंचाला पगार नाही. त्यांच्याकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करायची, म्हणजे प्रकरण तहसीलदाराकडे. नोटीस निघाली, त्यांनी अपील केलं, स्थगिती मिळाली. तारखा सुरू झाल्या.

त्याच काळात गावातले एक निवृत्त तलाठी काका म्हणाले, "बाबू, आदेश ठेव बाजूले. वावर कोनाच्या नावानं हाये, ते पाय आंधी."

सातबारा काढला. वावर, म्हणजे शेत, सरपंचाच्या मुलाच्या नावावर. फेरफार पाहिला, तर बक्षीसपत्र चौकशीची नोटीस मिळाल्यानंतरचं! आदेश कायम राहिला तरी जप्त काय करणार?

फौजदारी गुन्हा दाखल आहे, पण त्यावर विसंबून चालत नाही. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा रोखे घोटाळा 2002 मध्ये उघड झाला आणि शिक्षा डिसेंबर 2023 मध्ये झाली. तेवढ्या वर्षांत मालमत्ता किती हातांतून फिरते! 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 107 मध्ये तपास चालू असतानाच, पोलीस अधीक्षकांच्या मंजुरीनं, तपास अधिकारी गुन्ह्यातून मिळवलेल्या मालमत्तेच्या जप्तीसाठी न्यायालयात अर्ज करू शकतो. जे आता तक्रार करत आहेत, त्यांनी तपास अधिकाऱ्याकडे हा अर्ज पहिल्या दिवसापासून लेखी मागावा.

आमच्यासाठी वकिलांनी मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 मधलं कलम 53 काढलं. देणं बुडवायच्या हेतूनं केलेलं हस्तांतर घेणेकऱ्याला रद्द करून मागता येतं. पण घेणेकरी ग्रामपंचायत, मी नाही. दावा तिनं लावायचा, त्यासाठी ठराव हवा. सगळ्यात जड हेच गेलं. सदस्यांत कोणी भाऊबंद, कोणी सोयरे. "गावातल्या गावात वैर कशाला?" हे वाक्य मी घरोघरी ऐकलं. शेवटी ग्रामसभेत बायकांनी विषय लावून धरला, कारण त्या चिखलातून रोज पोरांना शाळेत सोडणाऱ्या त्याच होत्या. ठराव झाला.

दावा दाखल आहे. त्या वावराची विक्री करू नये, असा अंतरिम मनाई हुकूम मिळाला आहे. ग्रामसेवकाकडून जमा झालेली रक्कम नालीसाठीच वापरावी, असा विषय मी येत्या ग्रामसभेच्या सूचनेत लेखी टाकला आहे.