टाचेतला दोरा

बावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढलेल्या बाईने वारीत कुणाच्याही हाती आपली टाच देऊ नये. मी दिली.

दिवेघाट, सासवड, जेजुरी सगळं पावसात आणि ढकलाढकलीत गेलं. नीरास्नानाला पादुका दिसल्याच नाहीत, पुढच्याचा रेनकोट दिसला. अण्णांच्या अठ्ठावीस वाऱ्या झाल्या होत्या आणि दरवर्षी निघताना मी त्यांच्याशी वाद घातला होता. या हिवाळ्यात अण्णा गेले. त्यांचे टाळ पिशवीत घेतले होते, वाजवत नव्हते.

तरडगाव सोडलं आणि तासाभरात दोन्ही टाचा पेटल्या. त्यात दिंडीतले एक निवृत्त इंजिनिअर शेजारी. टाळांच्या कंपनांनी जंतू मरतात, तुळस रात्रीसुद्धा ऑक्सिजन सोडते, आपले पूर्वज काय वेडे होते का? उजेडाशिवाय कुठलंच झाड ऑक्सिजन सोडत नाही, असं मी म्हटलं. ते गोड हसले. "श्रद्धा ठेवा, मॅडम." म्हणजे पुरावा मागितला की श्रद्धा आणि श्रद्धेला कुणी नाक मुरडलं की लगेच कंपनं. रागाने मी झपाझप चालले, फोड आणखी घासले आणि शेवटी एका बाभळीखाली बसकण मारली.

परभणीकडच्या आजी तुळस उतरवून माझ्यापुढे बसल्या. न विचारता माझा पाय मांडीवर घेतला. पदराच्या गाठीतून सुई आणि पांढरा दोरा काढला.

"थांबा, थांबा," मी म्हटलं आणि स्पिरिट काढलं.

"लाव बाई, तुझं काय असंल ते."

मी सुई पुसली, दोरा भिजवला. त्यांनी फोडाच्या एका कडेने सुई घातली, दुसऱ्या कडेने काढली. दुखलं नाही. दोरा ओला होत गेला, टोकाशी पाण्याचा थेंब जमला, पडला, पुन्हा जमला. मग दोन्ही टोकं बोटभर बाहेर ठेवून त्यांनी दोरा तोडला. दातांनी! स्पिरिट वाया गेलं.

डाव्या पायाला मात्र मी हात लावू दिला नाही. "राहू द्या, फरक बघू."

"परीक्षा घेती व्हय?"

आभाळ कोरडं होतं. इंजिनिअरांचा राग बाकी होताच, तो आजींवर काढला. "एवढी लाखो माणसं चालतात, त्याने पाऊस पडतो का हो, आजी?"

"नाही पडत," आजी म्हणाल्या. मी वर बघितलं. "पंध्राच्या साली मी सगळी वाट चालले, एक दिवस गाडीत बसले नाही. काय झालं? वावरात कापूस जळाला. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अन् करोनात? दोन वर्षं पालख्या एसटीनं गेल्या, आम्ही घरी. तवा पावसानं सोयाबीन कुजवलं."

मी 2015, 2020, 2021 अशी सालं मनात मांडली. वारी झाली, पाऊस नाही. पायी वारी नाही, पाऊस धो धो. पुराव्यावर बावीस वर्षं पगार घेऊनही हा तक्ता मी कधी मांडला नव्हता. अण्णांशी भांडताना तर नाहीच, तेव्हा माझा नुसता आवाज मोठा असायचा.

"मग येता कशाला?"

आजी दोरा गुंडाळत होत्या. "हितं झोप लागती."

फलटणच्या तळावर, तीस बायकांच्या राहुटीत, हरिपाठ झाल्यावर त्या आडव्या झाल्या आणि घोरायला लागल्या. मी जागी. घरी काय होतं, झोप का लागत नाही, ते विचारायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी बरडच्या वाटेवर डावा फोड फुटला. उजवा सुकला. पण नमुना एक, त्यात डावा मोजा ओला. लॅबमध्ये असा रिपोर्ट मी परत पाठवला असता.

पुरंदवड्याच्या रिंगणात माउलींचा अश्व धावला. पाठीवर स्वार नाही, सगळा माळ श्वास धरून. तो गेला आणि माणसं टापांखालच्या मातीवर तुटून पडली. घोडा असतो तिथल्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, हे मला चांगलं माहीत आहे. उघडी टाच घेऊन मी वाकले होते. माती कपाळाला लावली, रडले आणि रडतानाच हिशोब करत होते की टीटीचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं.

संध्याकाळी आरोग्य पथकाच्या रांगेत माझ्यापुढे इंजिनिअर, लंगडत. "टाळांनी जंतू मेले नाहीत वाटतं," हे म्हणायचं नाही असं ठरवलं होतं. म्हटलंच.

ते काही बोलले नाहीत. चपला काढून दाखवल्या टाचा. दोन्हींत पांढरा दोरा, आजींचाच. एक टाच सुकली होती, एक पिकली होती.